शुक्रवारची पिशवी

फोन आला तेव्हा बाईंच्या हातात कप होता आणि तो बशीवर वाजत होता. अलीकडे तो वाजायचाच. वाजू नये म्हणून त्या कप दोन्ही हातांनी धरत, थंडीत माणसं ऊब घ्यायला धरतात तसा. म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, बाईंना थंडी वाजते आहे. बघणारं माणूस तसं घरात एकच होतं, त्यांचा नवरा, आणि त्याला ते थंडीचं नाटक कधीच खरं वाटलं नव्हतं. पण तोही जन्मभर नगररचनेच्या कचेरीत नकाशे काढलेला माणूस. जे दिसतं ते सगळंच कागदावर उतरवायचं नसतं, हे त्याला नोकरीनं शिकवलं होतं. त्यानं फोन उचलला, ऐकला आणि पुढे केला. "घ्या बाई. तुमची खारुताई." साऱ्या गावासारखा तोही त्यांना बाईच म्हणायचा, लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून, आधी चिडवायला आणि मग सवयीनं.

खारुताई म्हणजे आता शाळेच्या मोठ्या बाई. पहिलीत असताना दोन्ही हातांत पेन्सिल धरून तिचं टोक कुरतडत बसायची, म्हणून बाईंनीच ठेवलेलं नाव. "बाई, येत्या शुक्रवारी शेवटचा तास तुमचा," ती म्हणाली. "पाहुण्या म्हणून यायचं."

"मी कसली पाहुणी गं? मी पाहुणे आणायची."

"मागे दोनदा तुम्ही तब्येतीचं सांगितलंत. मी मुकाट्यानं ऐकलं. आता ऐकणार नाही. आणि पिशवीत काहीतरी घेऊन यायचं हं. नियम तुमचाच आहे."

बाईंना 'नाही' म्हणायचं होतं. ते ओठांपर्यंत आलंही होतं. पण त्याच वेळी कप पुन्हा वाजला, फोनमधून पलीकडे ऐकू जाईल इतका, आणि तो आवाज बुजवायला काहीतरी बोललं पाहिजे म्हणून त्या घाईघाईनं म्हणाल्या, "बरं, येते." फोन ठेवल्यावर बशीत सांडलेल्या चहाकडे बघत त्या कितीतरी वेळ बसून राहिल्या. आपण 'हो' म्हटलं ते खारुताईसाठी नाही, मुलांसाठी तर नाहीच. एका कपाच्या भीतीनं म्हटलं, हे त्यांना स्वतःशीच विचित्र वाटलं. नवऱ्यानं फडकं आणून बशी पुसली. "जायचं म्हणजे?" त्यानं विचारलं. "जायचं म्हणजे जायचं," बाई म्हणाल्या, आणि उजवा हात शालीखाली घेतला.

हा हात. फळ्यावर एका दमात या टोकापासून त्या टोकापर्यंत ओळ लिहायचा, आणि ओळ अशी सरळ की मागच्या बाकावरची मुलं फूटपट्टी डोळ्यांपुढे धरून खात्री करून घ्यायची. नवीन लागलेले शिक्षक बाईंचा फळा बघायला वर्गाच्या दारात थांबत. तोच हात वर्षभरापूर्वी एका सकाळी भाजी निवडताना आपल्याआपण हलायला लागला. डॉक्टर म्हणाले, "वयानं होतं, घाबरण्यासारखं काही नाही." बाई घाबरल्या नाहीत, त्या लाजल्या. घाबरण्यावर औषध असतं. बँकेत सही जुळेना तेव्हा खिडकीतला मुलगा गोड हसून म्हणाला, "आजी, सावकाश करा," आणि त्या सावकाशपणातच त्यांना आपलं सगळं आयुष्य पुसलं गेल्यासारखं वाटलं. तेव्हापासून बाहेर जाणं कमी झालं. जुने विद्यार्थी रस्त्यात भेटत, वाकत, म्हणत, "बाई, तुमच्यासारखं अक्षर पुन्हा बघितलं नाही," आणि शालीखालचा हात पकडला गेलेल्या चोरासारखा थरथरे. बाईंना एवढंच हवं होतं, की निदान त्या शाळेत, त्या भिंतींत, आपला हात सरळ राहावा. मुलांची नजर कशी असते ते त्यांना ठाऊक होतं. मुलं वाईट नसतात; पण ती बघतात. मोठी माणसं नजर वळवतात, मुलं वळवत नाहीत.

आणि त्यात पिशवी. ती पिशवी म्हणजे बाईंचंच खूळ. फार पूर्वी, तेव्हाच्या मुख्याध्यापकांना मुलांना प्रेरणा देण्याचं वेड होतं. नवरा तेव्हा म्हणायचा, "प्रेरणा ही काय गोळी आहे, पाण्याबरोबर घ्यायची?" पण मुख्याध्यापक हौशी. दर शुक्रवारी शेवटच्या तासाला कुणीतरी मोठा माणूस येई, खुर्चीवर बसे, आपण कसे कष्ट केले ते सांगे आणि तुम्हीही करा म्हणे. मुलं टाळ्या वाजवत, कारण टाळ्या झाल्या की घरी सोडत. मग एका शुक्रवारी बाईंनी हट्टानं बंदरावरचा एक पाणबुड्या बोलावला. बोटींच्या तळाशी जाऊन दुरुस्ती करायचा. पाण्याखाली बोलण्याचा प्रश्नच नाही, त्यामुळे की काय, माणूस पाण्याबाहेरही मुका. वर्गासमोर बसला तो बसलाच. कपाळावर घाम. मुलं बघताहेत, तो मुलांकडे बघतोय, मुख्याध्यापक घड्याळाकडे. त्याच्या पायाशी एक पिशवी होती, बाईंनी सहज विचारलं, "आत काय आहे?" तो म्हणाला, "बघा ना." बाईंनी हात घातला. बोटांना काहीतरी थंड लागलं, गुळगुळीत, आणि उचलायला गेल्या तर हातच खाली खेचला गेला. शिशाचं वजन. माणूस पाण्यात वर येऊ नये म्हणून कमरेला बांधतात ते. एवढ्याशा वस्तूत एवढा भार! बाईंच्या तोंडून वर्गात कधी न निघालेला "अगंबाई!" निघाला, आणि मग सगळा वर्गच उठला, मला, मला, मला. एकेकानं हात घातला. कुणी म्हणालं विटेचा तुकडा, कुणी इस्त्री. मग एक पोर म्हणालं, "काका, यानं काय करता?" आणि पाणबुड्या बोलायला लागला. तो काय बोलला ते बाईंना आज नीटसं आठवत नव्हतं. खाली अंधार असतो, हातांनीच बघावं लागतं, असं काहीतरी. पण शाळा सुटल्याची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही, हे पक्कं आठवत होतं.

तेव्हापासून नियम झाला. पाहुण्यानं आपण कोण ते सांगायचं नाही. आपल्या कामातली एक वस्तू पिशवीत घालून आणायची. मुलांनी न बघता हात घालायचा, ओळखायचं, शेवटी ज्याचा हात आत असेल त्यानं ती बाहेर काढायची, आणि सगळ्यांनी एका सुरात विचारायचं, "यानं काय करता?" बाईंनी वर्गाच्या जुन्या पडद्याची, निळसर करड्या कापडाची, नाडीची पिशवी शिवली. आणि एक हक्क स्वतःकडे ठेवला. मुलांच्या आधी त्यांचा हात आत जाई, धारदार काही नाही ना हे बघायला. म्हणजे सांगायला धार बघायची. खरं म्हणजे त्यांना तो पहिला स्पर्श कुणाला द्यायचा नव्हता. त्यामुळे त्यांना त्या पाहुण्यांचे चेहरे आठवत नसत. आठवत ते बोटांना. आता पलंगावर पडल्यापडल्या त्या शालीखाली बोटं हलवत, ती हलतच असत, आणि त्या हलण्यातून एकेक पाहुणा येई. कृत्रिम पाय बनवणाऱ्यानं आणलेलं रबरी पाऊल; त्यावर एका मुलानं "बाई, आत कुणीतरी आहे!" म्हणून ठोकलेली आरोळी. नवजात बाळांच्या वॉर्डातली नर्स. तिच्या पिशवीत काहीच नाही असं वाटलं होतं, मग कोपऱ्यात लोकरीची टोपी लागली, मुठीवर बसेल एवढी. "एवढं डोकं असतं?" वर्गानं विचारलं. "असतं," ती म्हणाली, "आणि तेवढ्याच डोक्यातून तुम्ही झालात." आणि ते थोर गृहस्थ, नावापुढे खूप काय काय लावणारे, ज्यांनी आपलं सोन्याचं पदक आणलं होतं. पहिल्याच पोरानं हात घालून सांगितलं, "बरणीचं झाकण!" मुख्याध्यापकांचा चेहरा पांढरा पडला. पण पदक बाहेर निघाल्यावर गृहस्थ स्वतःच त्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बाळ, यानं मी काहीच करत नाही रे. नुसतं ठेवतो." आणि मग त्यांनी जे सांगितलं ते इतकं साधं होतं की बाईंना त्यांचे पाय धरावेसे वाटले. सगळे किती चांगले वागले होते! काम टाकून, कपडे बदलून, पिशवीत काय घालावं म्हणून आदल्या दिवशी घरभर शोधून आले होते. त्या वेळी बाईंना याची जाणीवच नव्हती. त्या आपल्या निरोप धाडायच्या, 'एक वस्तू आणा'. किती सोपं वाटायचं. आता त्या स्वतः कपाटापुढे उभ्या होत्या आणि कळत होतं, की आपण त्या माणसांना केवढं अवघड काम सांगत होतो.

कारण काहीच सापडेना. खडू? खडू आता शाळेत कुणाला माहीत असेल की नाही कोण जाणे. फळा पुसायचं डस्टर? म्हणजे जन्मभर पुसत होते म्हणून सांगायचं? "पुस्तक ने," नवरा म्हणाला. "पुस्तक काय, वाण्याकडेही असतं." "मग मलाच ने पिशवीत घालून. इतकी वर्षं शिकवते आहेस." "तुम्ही शिकलात कुठे?" बाई म्हणाल्या, आणि हसता हसताच त्यांना रडू येईल असं वाटलं. कामाची माणसं निवृत्त होतात तेव्हा त्यांच्याकडे हत्यारं उरतात. पाणबुड्याकडे शिसं उरलं असेल, नर्सकडे टोपी. आपल्याकडे काय उरलं? जे होतं ते दुसऱ्यांच्या पोरांबरोबर घरोघर निघून गेलं, आणि मागे हा एक हात, तोही असा. शेवटी खणाच्या तळाशी शिट्टी सापडली. सहलीला गेल्यावर मुलांना गोळा करायची. ती त्यांना फारशी आवडली नाही. शिट्टी म्हणजे मी का? पण दुसरं काही नव्हतं, आणि गुरुवार उजाडला होता.

जुनी पिशवी त्यांनी निवृत्तीच्या दिवशी घरी आणली होती. शाळेत आता नवी होती. खारुताई म्हणाली होती, इथलीच वापरू. पण बाई म्हणाल्या, माझीच आणीन. बघतात तो तळाची शिवण पार उसवलेली. "दे इकडे," नवरा म्हणाला, "सरळ रेष हा माझा धंदा आहे." त्याचा हात अजून दगडासारखा स्थिर होता. बाईंना त्या हाताचा, देवाशपथ, मत्सर वाटला. "तुमची रेष तुमच्यापाशी ठेवा. मी शिवलेली आहे, मीच शिवीन." सुईत दोरा ओवायलाच केवढा वेळ गेला. दोऱ्याचं टोक सुईच्या नेढ्यापाशी यायचं आणि ऐन वेळी लाजऱ्या पोरासारखं बाजूला व्हायचं. त्या टोकावर रागावल्या, मग त्याला समजावलं, मग ओलं केलं. पहिलीतल्या पोरांना समजावत तसंच, अगदी त्याच आवाजात. आणि दोरा गेला. मग एकेक टाका. बोटाला सुई लागली, ती चोखली. संध्याकाळी पिशवी तयार झाली तेव्हा नवऱ्यानं ती उजेडात धरली. टाके कुठे लांब, कुठे जवळ, मध्येच वळण घेऊन गेलेले. "नदी छान वाहते आहे," तो म्हणाला. त्यापुढे काही बोलला नाही. बोलायला हवं होतं, हे त्याला दुसऱ्या दिवशी कळायचं होतं. पण त्या क्षणी बाईंच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून कुठल्याही शहाण्या नवऱ्यानं तोंड मिटलंच असतं.

शुक्रवारी दोघं चालतच निघाली. नवऱ्याचे गुडघे दुखत, तो मागून येत होता. बाईंनी शाल घट्ट लपेटली होती, पिशवी डाव्या हातात, उजवा आत. रस्ता तोच, झाडं उंच झालेली, कोपऱ्यावरच्या चाव्या करणाऱ्याचं दुकान आता मोबाइलचं. आपल्याला परत जाता येईल, असं त्यांच्या मनात प्रत्येक वळणावर येत होतं. पाय मुरगळला म्हणावं. मग शाळेच्या पायऱ्या आल्याच. "तू हो पुढे," नवरा खालच्या बाकावर टेकत म्हणाला, "माझे गुडघे मागून येतील." बाई कठड्याला धरून चढल्या. वर्गाचं दार उघडलं आणि आधी वास आला, डब्यांचा, ओल्या केसांचा, रबरानं खोडलेल्या कागदाचा, आणि त्यांचं शरीर क्षणभर तरुण झालं. मग त्यांनी फळ्याकडे बघितलं. फळा आता पांढरा, त्यावर निळ्या शाईत लिहिलं होतं, 'आज आपल्याकडे पाहुणे येणार आहेत.' ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत, सरळ. 'ल'ची गाठ जरा मोठी, 'त'चा पाय किंचित मागे ओढलेला. बाईंना वाटलं, हे मी कधी लिहिलं? शेजारी खारुताई शाईनं बरबटलेली बोटं पुसत उभी होती.

"बसा ना, बाई," ती म्हणाली. मुलांकडे वळून म्हणाली, "आजी नाही म्हणायचं हं. बाई म्हणायचं."

पाहुण्यांची खुर्ची तीच, मुलांच्या उंचीची, बुटकी. बाई बसल्या. शाल मांडीवर पसरली, पिशवी शालीवर ठेवली. मुलांची रांग आधीच लागली होती, पुढच्याचा श्वास त्यांच्या हातावर येत होता. आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं, धारदार काही नाही ना बघायला, त्यांनी डावा हात आत घातला. आत काही नव्हतं. बोटं खाली गेली, आणखी खाली, आणि तळातून बाहेर येऊन त्यांच्याच गुडघ्याला लागली. नदी फुटली होती. शिट्टी कुठेतरी रस्त्यावर, पायऱ्यांवर पडली असणार. कानांत काहीतरी गरम सरकलं. सांगून टाकावं, की मुलांनो, मी शिवलेली पिशवी फाटली. का फाटली तेही मग सांगावं लागेल. पुढचा मुलगा एका पायावर नाचत होता. "घालू, बाई? घालू?" त्याच्या डोळ्यांत जे वाट बघणं होतं त्याच्यापुढे बाईंना आजवर कधी 'नाही' म्हणता आलं नव्हतं. "घाल," त्या म्हणाल्या. आणि शालीखालून त्यांचा उजवा हात उसवलेल्या शिवणीतून वर गेला. त्यांनी घातला असं नाही. तो गेला.

मुलानं हात घातला आणि किंचाळून बाहेर काढला. "जिवंत आहे!"

वर्ग फुटला. बाकं सरकली, मागची पुढे आली, पुढची मागे पळाली. "चावतं का?" "उंदीर असेल!" "गप रे, बाई उंदीर कशाला आणतील?" "सशाचं पिल्लू!" दुसऱ्यानं बोट लावून काढून घेतलं. तिसरा नुसताच दोन्ही हात मागे बांधून म्हणाला, "मला ओळखता आलं, पण मी सांगणार नाही." खारुताईनं पुसायचं फडकं खाली ठेवलं होतं. बाई ताठ बसल्या होत्या. पिशवीच्या अंधारात हात एकटाच होता आणि जास्तच थरथरत होता, आणि त्यांना वाटलं, पाणबुड्याला खाली असंच वाटत असेल.

मग केस कापलेली एक मुलगी पुढे आली. ती घाई न करता आली. तिनं बाही वर सारली आणि हात आत घातला. तिची बोटं उबदार होती, जरा चिकट. ती बाईंच्या बोटांवर येऊन थांबली, आणि काढून घेतली गेली नाहीत.

"घाबरलंय ते," ती म्हणाली.

वर्ग हळूहळू गप्प झाला. "पक्षी आहे?" कुणीतरी कुजबुजलं.

"पक्षी नाही. पण घाबरलंय." तिनं अंगठा फिरवला, एकदा या बाजूनं, एकदा त्या. मग पिशवीच्या तोंडाशी वाकून, वर्गाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात आत म्हणाली, "भिऊ नकोस हं. आम्ही काही करत नाही."

थरथर थांबली नाही. तशी थांबत नसते. पण बाईंच्या छातीत वर्षभर आवळून धरलेलं काहीतरी सुटलं, आणि त्यांना त्या सगळ्यांची आठवण झाली, ज्यांनी आपली वस्तू या अंधारात सोडली होती आणि जे पोरांच्या बोटांची वाट बघत याच खुर्चीवर बसले होते. आपण त्यांना बोलावत होतो ते मुलांसाठी, असं आपण समजत होतो.

"काढू?" मुलीनं नियमाप्रमाणे विचारलं.

दारात नवरा उभा होता, पायऱ्या चढून धापा टाकत, हातात शिट्टी. त्यानं पिशवीकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, आणि शिट्टी सावकाश खिशात टाकली.

"काढ," बाई म्हणाल्या.

नाडी सैल झाली. मुलीच्या मुठीत धरलेला, सुरकुतलेला, निळ्या शिरांचा, हलणारा हात उजेडात आला. "अय्या, हात आहे!" "बाईंचाच आहे!" कुणी टाळी वाजवली, कुणी फसलो म्हणून कपाळावर हात मारला. नाचणारा मुलगा अगदी जवळ येऊन बघत होता. त्यानं नजर वळवली नाही.

"तो हलतो का?"

"हलतो," बाई म्हणाल्या. "गप्प बस म्हणून पुष्कळ सांगून बघितलं. ऐकत नाही."

"माझा पायपण ऐकत नाही," मुलगा समजुतीनं म्हणाला, आणि सगळा वर्ग, त्याला ओळखून असलेला, खदखदून हसला. खारुताई हसली नाही. तिनं शाईची बोटं तोंडावर धरली होती, पेन्सिल कुरतडायला धरायची तशी. मग तिनंच मान हलवून खूण केली, आणि मुलांनी एका सुरात, खिडक्या वाजतील अशा आवाजात विचारलं,

"यानं काय करता?"

बाईंनी उत्तर तयार केलं होतं, पण ते शिट्टीचं होतं. त्यांनी खाली बघितलं. मुलीनं हात अजून सोडला नव्हता. सोडायचा असतो हे तिच्या लक्षातच नव्हतं. बाईंच्या हाताबरोबर आता तिची मूठही थोडी थोडी हलत होती.

"हे," बाई म्हणाल्या, आणि आपली बोटं तिच्या बोटांभोवती मिटली.